ओल्या छागलींचा नाझर

अंबादासराव नाझरांच्या अंगरख्याच्या खिशात कातड्याची एक पट्टी असे. बोटभर रुंद, वीतभर लांब. ओळख असो वा नसो, माणूस त्यांच्या ओट्यावर टेकला की ते ती पट्टी काढत, त्याच्या कानाशी नेत आणि दुमडत.

"ऐका," म्हणत.

बीडच्या सरकारी शाळेत मास्तर म्हणून मी आलो आणि त्यांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं, त्याच सकाळी हा प्रसाद मला मिळाला. माझी नुकती आंघोळ झालेली, कपाळाचं गंध ओलं, आणि हे गृहस्थ कानाला कातडं लावताहेत. मी मागं सरलो तर ते पुढं सरकले.

"काय ऐकू आलं?"

"काहीच नाही."

"मग कातडं जिवंत आहे. करकरलं की समजायचं, मेलं." आणि पट्टी खिशात घालून, जणू काही झालंच नाही अशा थाटात, त्यांनी विचारलं, "चहा घेता का? आमच्या घरी होत नाही, पण घेता का?"

तालुकदारांच्या कचेरीतला नाझर म्हणजे शाई-दौतीपासून दौऱ्याच्या राहुट्यांपर्यंत सगळ्या सरकारी सामानाचा धनी. धनी म्हणायचं एवढंच. वस्तू हरवली तर नाझराची, सापडली तर सरकारची. बाकीचे नाझर कोठीला कुलूप लावून किल्ली जानव्याला बांधत आणि सुखानं झोपत. आमच्या अंबादासरावांना कुलुपाचाच राग. महिन्या-दोन महिन्यांनी ते कचेरीतल्या सगळ्या राहुट्या मैदानात उभ्या करायला लावत. गावातली पोरं सर्कस आली म्हणून धावत येत आणि रिकामे तंबू बघून शिव्या देत परत जात. भर उन्हाळ्यात ते चपराशांना छत्र्या उघडून कचेरीभोवती हिंडायला लावत. कोणी हसलं की म्हणत, "पावसात उघडली आणि काडी मोडकी निघाली, तर तुझ्या बापाला धरू का छत्री म्हणून?"

स्वभाव तिखट, आवाज त्याहून तिखट. अंगानं काटकुळे, पगडी कायम डाव्या कानावर कललेली. न वापरलेली वस्तू ही वस्तूच नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते समोरच्याच्या गळी उतरवल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. सणासाठी जपून ठेवलेलं भांडं ते घरातही राहू देत नसत. गोदूकाकू, म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोजवळ कुरकुरत, "माहेरचा चांदीचा पेला रोज घासून घासून निम्मा झाला हो."

अशा माणसाच्या नशिबी छागली याव्यात, हा दैवयोगच म्हणायचा. छागल म्हणजे पाण्याची कातडी पिशवी. आमच्या बीडच्या छागली तेव्हा दूरदूर नावाजलेल्या होत्या. बकऱ्याचं कातडं चुन्यात भिजवून, केस काढून, तरवडाच्या सालीत कमवायचं आणि असं शिवायचं की थेंब सांडत नाही, पण अंगाला बारीक ओल सुटते आणि त्या ओलीनं आतलं पाणी वैशाखातही गार राहतं. विलायतेतलं ते मोठं युद्ध पेटलं आणि हैदराबादेचा रिसाला समुद्रापलीकडच्या वाळवंटात निघाला, तेव्हा कोणा शहाण्याला आठवण झाली की वाळवंटात पाणी लागतं. हुकूम सुटला: बीडच्या छागली, मिळतील तेवढ्या, फौरन.

फौरन हा शब्द नाझरांच्या डोक्यात तिडीक उठवायचा. "तहान लागल्यावर विहीर खणणारी ही मंडळी," ते म्हणाले. "आणि खणायची कोणी? अंबादासानं." म्हणाले आणि काठी घेऊन बिंदुसरा नदीकाठच्या कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीत गेले. मला बरोबर ओढलं, कारण बोलायला कोणीतरी लागे.

त्या वस्तीत मल्हारी ढोर हा मुख्य माणूस. काळा, ठेंगणा, हाताची कातडी तरवडात कायमची लाल झालेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीवरची एक भरलेली छागल काढून आधी स्वतः घोट घेतला, मग ती नाझरांपुढं धरली.

त्या वस्तीचा रिवाजच होता तो. माल बनवणारानं आधी प्यायचं, मग घेणारानं. घेणारानं घोट घेतला नाही तर बनवणारा त्या मालाची हमी देत नसे. सोवळ्यातली गिऱ्हाइकं बरोबर एखादा गडी आणत आणि त्याच्याकडून घोट घेववत. नाझरांनीही कचेरीचा चपराशी आणला होता. तो पुढं झाला.

मल्हारीनं छागल मागं घेतली. "ह्यो कावून पितो? माल घेणार कोन हाय?"

"सरकार," नाझर म्हणाले.

"मंग सरकारातून तुमी आलाव. तुमी प्या. तुमाला चालत न्हाई, तर तितं लढाईत तुमच्यावानी जो हाय त्येला कसं चालंल? त्यो बी कुनाचा तरी नेमधर्माचाच आसंल की."

मी नाझरांकडं पाहत होतो. माणूस संध्या केल्याशिवाय पाणी न पिणारा. पाहता पाहता त्यांचं तोंड लाल झालं, पण ते रागानं नव्हे. मल्हारीचं म्हणणं त्यांना पटलं होतं आणि पटलेली गोष्ट केल्याशिवाय सोडणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी पगडी काढून माझ्या हातात दिली, ओंजळ धरली आणि घोट घेतला. चूळ भरली नाही. गिळला.

"तुरट आहे," ते म्हणाले.

"नवी हाय. चार दिस पानी बदललं की जाईल," मल्हारी म्हणाला. मग तो पहिल्यांदा हसला. "आता हमी माझी."

आणि तिथंच, त्या भरात, अंबादासराव बोलून गेले. "मल्हारी, हे एकदाचं काम नाही. कुंडं वाढव, माणसं धर. दरसाल घेऊ. मी शब्द देतो." शब्द देताना त्यांनी वरच्यांना विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच त्यांच्या ध्यानात आलं नाही, इतकं त्यांना ते उघड वाटत होतं.

बातमी आमच्याआधी घरी पोचली. गोदूकाकूंनी दारातच पाट टाकला आणि आत घेतलं नाही. पंचगव्य, होम, भटजी, सगळं झालं. नाझर ओट्यावर बसून जेवत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आनंदानं सांगत होते, "गार राहतं हो पाणी. नुसतं गार."

पहिला माल उत्तम गेला. रिसाल्याकडून कोणी वाहवा कळवली असं काही झालं नाही, पण तक्रार आली नाही आणि सरकारी कामात तक्रार नसणं हीच वाहवा. मल्हारीनं कातडी भिजवायची नवी कुंडं खोदली. कपिलधारेच्या डोंगरातून तरवडाच्या साली आणायला बैलगाड्या लावल्या. सोलापूरकडं कातड्याच्या कारखान्यात असलेला त्याचा मेव्हणा त्याला बोलावत होता. मल्हारीनं नकार कळवला. नाझरसायबाचा शबुद हाय, म्हणाला.

दुसऱ्या वर्षी माल जास्त मागवला, पण तो रिसाल्याकडं न जाता हैदराबादेतल्या एका सरकारी कोठीत ठेवला गेला. लागेल तेव्हा असावा म्हणून. दूरदृष्टीच म्हणायची. नाझर खूश झाले, पण मालाबरोबर त्यांनी एक ताकीदही पाठवली: छागली कोरड्या ठेवू नयेत, आठवड्याला पाणी दाखवावं, अधूनमधून तेलाचा हात फिरवावा. आमच्याकडं छागल वाळू देत नाहीत हे शेंबडं पोरही जाणतं.

वर्ष उलटलं आणि त्या कोठीचे मोहतमिम, म्हणजे मुख्य अधिकारी, स्वतः बीडला अवतरले. बरोबर गाडीभर छागली. त्या त्यांनी कचेरीच्या मैदानात ओतायला लावल्या. वाळलेल्या तुरीच्या शेंगांसारख्या त्या खडखडत पडल्या.

"ये क्या माल है, नाझरसाहब? पानी इधर से डालो, उधर से जाता."

नाझरांनी एक छागल उचलली. दुमडली. ती चरकन फाटली. त्यांनी खिशातली पट्टी काढली आणि थेट मोहतमिमांच्या कानाशी नेली. चपराशी, कारकून, पेशकार, सगळे श्वास रोखून उभे. मोहतमिम इतके चकित झाले की हलले नाहीत.

"ऐका," नाझर म्हणाले. "हेही मल्हारीनंच कमावलेलं कातडं. याहून कितीतरी जुनं. वाजतंय का?" मग फाटकी छागल दुसऱ्या कानाशी नेऊन मोडली. "आता हे ऐका. कशा ठेवल्या होत्या?"

"जैसे आए वैसे. मोहर लगाके."

"वर्षभर कोरड्या?"

"कोठी में पानी ले जाना मना है," मोहतमिम म्हणाले. आवाजात आता थोडी चलबिचल होती, पण माणूस खोटं बोलत नव्हता. "अंदर कपडा है, अनाज है, कारतूस है. हुकूम है, साहब."

"पाणी न्यायचं नाही तर पाण्याच्या पिशव्या घेता कशाला?"

मोहतमिमांनी टोपी नीट केली. "वो मेरे जिम्मे नहीं है," ते म्हणाले, आणि त्याच दुपारी निघून गेले. वर त्यांनी काय सांगितलं ते लवकरच कळलं. बीडचा माल कच्चा ठरला. खरेदी बंद.

मला तेव्हा फार चीड आली होती, ती अजून शमलेली नाही. मोहतमिम काही दुष्ट नव्हते. कारतुसाजवळ पाणी नेऊ नये हा हुकूमही वेडा नव्हता. पण प्रत्येकजण आपापला हुकूम पाळत होता आणि सगळ्यांनी मिळून एक चांगली वस्तू मारली होती, आणि मेली त्याचा दोष ज्यानं ती बनवली त्याच्या माथी. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ते असं.

अंबादासराव स्वस्थ बसणारातले नव्हते. त्यांनी एक तोड काढली, आणि मी मास्तर माणूस असूनही सांगतो, तिच्यात काढण्यासारखी खोट मला आजवर सापडली नाही. सरकारनं दरसाल थोड्याच छागली घ्याव्यात. त्या कोठीत कोंडू नयेत. डाक नेणाऱ्या हरकाऱ्यांना, चौकीवरच्या शिपायांना, दौऱ्यावरच्या अंमलदारांना द्याव्यात. त्यांच्या हाती त्या रोज ओल्या राहतील. जुन्या झिजल्या की नव्या याव्यात. लढाई पेटली की हरकाऱ्यांकडच्या चांगल्या छागली गोळा करून त्याच दिवशी फौजेकडं रवाना, आणि तोवर मल्हारीचं कुंड भरलेलं, हात चालते, म्हणजे मागून माल येतच राहील.

"विहीर आधीच खणलेली," ते मला म्हणाले. "आणि रोज उपसलेली. रोज उपसली तर झरे बुजत नाहीत."

हे सांगायला ते हैदराबादेला स्वतः गेले. रजा टाकून. परत आले तेव्हा मी टांग्यापाशी उभा होतो. पगडी चक्क सरळ होती, तेव्हाच मी ओळखलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कल्पना चांगली आहे." ते ओट्यावर बसले. "पण फौजेचा माल डाकवाल्याला कसा द्यायचा? आणि डाकवाल्यानं वापरलेला माल फौजेला कसा द्यायचा? फौजेचं खातं वेगळं, डाकेचं वेगळं. मी म्हटलं, तहान तर एकच आहे. ते हसले. चांगली माणसं हो, चहा पाजला." त्यांनी ओट्यावर हात आपटला. "चहा पाजला मला."

मल्हारी मात्र वाट बघत राहिला. खरेदी बंद झाली तरी त्यानं कुंडं मोडली नाहीत. संध्याकाळी तो ओट्याखाली येऊन उभा राही. "काय कळलं का, सायब?" नाझर म्हणत, "दरखास्त वर आहे." कधी ओरडूनच म्हणत, जसा काही मल्हारीनंच तो कागद दाबून ठेवला होता. मल्हारी मान हलवून जाई. पुढं पुढं त्याच्याबरोबर त्याची बायकोही येऊ लागली. ती बोलत नसे. एकदाच बोलली, तेही नवऱ्याकडं बघून: "कुंड नुसतंच भरून ठिवलं तर वास मारतंय, चुना मरतोय. ह्यास्नी सांगा की."

नाझर त्या रात्री जेवले नाहीत, असं गोदूकाकूंनी सांगितलं.

दोन पावसाळे मल्हारीनं काढले. मग वस्तीतलं एकेक घर बंद झालं. कोणी सोलापूरकडं गेलं, कोणी मुंबईला. मल्हारी सर्वांत शेवटी हलला आणि लांब गेला नाही. वडवणीला जाऊन शेतकऱ्यांच्या मोटा शिवू लागला. विहिरीवरची मोट काही हैदराबादेच्या मंजुरीवर अडत नाही. जाताना तो नाझरांना सांगायला आला नाही.

आणि मग, अर्थातच, कुठल्याशा सरहद्दीवर पुन्हा काही पेटलं आणि तार आली. छागली. बीडच्या. फौरन.

मी शाळेतून येत होतो. नाझर तार हातात घेऊन रस्त्यात उभे होते. मला वाटलं ते ओरडतील. ते म्हणाले, "वडवणीला चलता का?"

आठवडी बाजार होता. गुरांच्या बाजाराच्या कडेला बाभळीखाली मल्हारी एक मोठी मोट मांडीवर घेऊन बसला होता. आम्हाला पाहून उठला, रामराम केला, बसायला गोणपाट टाकलं. नाझर बसले. मोटेच्या कातड्याची कड त्यांनी सवयीनं दुमडून पाहिली.

"हुकूम आलाय, मल्हारी."

"बरं झालं."

"किती दिवसांत होईल?"

मल्हारीनं आरी खाली ठेवली. "सायब, हात हायेत. कातडं बी गावंल. पर कुंड कुठं हाय? चुना मुरायला, तरवड चढायला येळ लागतोय. माणसं तर पांगली. माझा भाऊ मुंबैला, चुलता मेला. मी येकला काय करू?"

"मी वर कळवतो, माणसं बोलवू..."

"तुमी लई केलं," मल्हारी म्हणाला. "तुमच्यावर राग न्हाई. शबुद तुमचा हुता, सरकारचा न्हवता. आमालाच कळलं न्हाई."

त्यानं हे समजुतीनं सांगितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नाझर उठले आणि गाडीकडं चालू लागले. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "माझा होता म्हणतो. खरंच आहे. माझाच होता."

तारेला त्यांनी काय उत्तर दिलं हे सगळ्या कचेरीला पाठ झालं होतं: छागल बनवणारे बीडमध्ये होते तेव्हा सरकारला तहान नव्हती. या एका ओळीपायी त्यांची बढती गेली ती गेलीच. नाझर म्हणूनच ते निवृत्त झाले.

माझी बदली झाली. मधे बरीच वर्षं गेली. एका उन्हाळ्यात लग्नानिमित्त बीडला आलो तेव्हा त्यांच्याकडं डोकावलो. ओट्याच्या आढ्याला ओळीनं छागली टांगलेल्या. जुन्या काळ्या पडलेल्या, मग तपकिरी, शेवटची लालसर, नवी कोरी. ती एक सोडली तर सगळ्या भरलेल्या. खालची जमीन ओली. वाटेनं जाणारा एक हरकारा त्यातली एक सोडून घटाघटा पाणी पीत होता आणि त्याला कोणी काही म्हणत नव्हतं.

गोदूकाकू घागर घेऊन बाहेर आल्या. मला पाहून लाजल्या. "दरसाल एक घेतात हो मल्हारीकडून," त्या म्हणाल्या. "वडवणीला जायचं, तिथं घोट घ्यायचा, घेऊन यायची. त्या एका कातड्यासाठी तो मडक्यात तरवड भिजवतो म्हणे. दरसाल घेऊ म्हणून बोलले होते ना." मग घाईनं, "मी नाही हो पीत त्यातलं. नुसती भरते. ह्यांना आता हात वर होत नाहीत."

नाझर खांबाला टेकून बसले होते. अगदी वाळलेले. मला ओळखायला थोडा वेळ लागला.

"मास्तर," ते म्हणाले. "वर कोणाला गरज पडली तर कळवा. एवढ्या तयार आहेत."

मी हसलो. ते हसले नाहीत. रागातच होते, इतकी वर्षं झाली तरी त्या रागाला कुठं गंज चढला नव्हता. म्हणाले, मल्हारीला आता धड दिसत नाही. पोराला शिकवतो म्हणाला होता, पण पोरगं म्हणतं, एका छागलीसाठी कोण शिकतं. बरोबरच आहे त्याचं.

मी उठलो तशी त्यांनी खूण करून मला खाली वाकायला सांगितलं. खिशातून त्यांनी ती पट्टी काढली. तीच. तेलानं काळी, मऊ. माझ्या कानाशी धरली आणि दुमडली.

"काय ऐकू आलं?"

"काहीच नाही, नाझरसाहेब."

"तेच," ते म्हणाले. "एवढंच ऐकवायचं होतं वरच्यांना."

मग ते थोडे बाजूला सरकले, कारण काकूंना शेवटची छागल भरायची होती.